पाचूबंदरच्या विहिरीवर काय वाजवायचं

वसईतलं गाणंबजावणं मी बुडवलं, असं मानणारी माणसं मला अजून बाजारात भेटतात. हसून भेटतात, खांद्यावर हात ठेवतात आणि मग हळूच म्हणतात, "सावंत, पूर्वी काय बँड वाजायचे हो इकडे." पूर्वी म्हणजे तुमचे स्पीकरचे खोके यायच्या आधी, हे ते तोंडाने बोलत नाहीत. ते मी समजून घ्यायचं असतं. यातल्या बहुतेकांच्या घरी हळदीला, साखरपुड्याला आणि पोराच्या बारशाला माझेच खोके होते, आणि तेही भाव पाडून नेलेले.

संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहा म्हटलं. गमती आहेत, पण त्या आधी माझी बाजू लिहून घेतो. इतकी वर्षं ती कोणी विचारली नाही.

मी गोखिवऱ्याला पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ दुरुस्त करत होतो. एका मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला आणि मंडळवाले तो न्यायला आलेच नाहीत, तिथून माझा साउंडचा धंदा सुरू झाला. शिकवणारा कोणी नव्हता आणि भांडवल देणाराही नव्हता. बाहेरच्यांना सगळंच स्पीकर वाटतं, म्हणून सांगतो. भोंगा आवाज लांब फेकतो. आरती, भाषण, हरवलेल्या मुलाची सूचना याला तो बरा. खोका म्हणजे लाकडी पेटीतला मोठा स्पीकर. तो लांब जात नाही, पण जवळच्या माणसाच्या छातीत शिरतो. म्हाताऱ्यांना भोंगा लागतो आणि पोरांना खोका. भांडण गाण्याचं आहे असं दोघांना वाटत असतं, पण निम्मं भांडण पेटीचं असतं.

मांडवात शिरलो की मी आधी माणसांचे केस बघायचो. पांढरे किती, रंगवलेले किती, जेल लावलेले किती. त्यावरून पहिला तास काय लावायचं ते ठरायचं. माझा अनुभव असा की माणसाला मिसरूड फुटल्यापासून पहिलं मूल होईपर्यंत जे कानावर पडतं, तेच त्याच्या मते चांगलं संगीत. त्यानंतरचं सगळं धांगडधिंगा. चंदनसारला एका नव्या सोसायटीच्या गणपतीत खजिनदारसाहेबांनी एक गाणं मला मध्येच बंद करायला लावलं होतं. असली गाणी आमच्या वेळी नव्हती, म्हणाले. पुढे काही वर्षांनी त्याच गाण्यावर नाचणारी पोरं कमिटीवर आली, पोटं सुटली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "सावंत, आजकालचं काही लावू नका. आमच्या वेळचं मेलडीवालं लावा." मी तेच गाणं लावलं. खजिनदारसाहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं.

हे हसण्यावारी गेलं. पाचूबंदरचं गेलं नाही.

पाचूबंदरला कॅथलिक कोळ्यांकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. नळ दारात आला तरी हे पाणी विहिरीचंच लागतं. बायका नटूनथटून घागरी घेऊन निघतात, पुढे वाजप असतं. ज्या घरची गोष्ट सांगतोय, त्या इनासच्या घरात आणखी एक रीत होती. पहिली घागर नवरीचा बाप आणि भाऊ दोघांनी एकाच दोरीला हात लावून ओढायची. दोघांतला एक जरी नसला तरी ते पाणी नवरीच्या अंगावर घालत नसत.

इनासची स्वतःची बोट होती. मुलगा मेल्विन अंधेरीला नोकरीला, मुलगी लिली नवरी. मेल्विन माझ्या शेडवर सुपारी द्यायला आला तेव्हा मी माझा भाव सांगितला. तो उठून गेला. मी चहा पीत बसलो. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. असं गिऱ्हाईक मला आवडतं. टेम्पोवर चार मोठे खोके, जनरेटर, सीडीचा डेक, सगळं ठरलं. सीडी नुकत्याच आल्या होत्या, रिमिक्सची साथ नुकती सुरू झाली होती, आणि पोरांना दुसरं काही नको होतं.

तिकडे इनासने बस्त्याव मास्तरचा बँड सांगून ठेवला होता. बापाने मुलाला विचारलं नाही, कारण पाण्याला बँड जातो हे काय विचारायचं. मुलाने बापाला सांगितलं नाही, कारण आता कोण बँड सांगतं. आणि आई दोघांनाही हो म्हणाली होती. तिला वाटलं, दोन्ही वाजतील, शोभा येईल.

मे महिना होता. चार वाजता माझा टेम्पो गल्लीत वळला. एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. टेम्पो आत जाईल पण वळणार नाही, इतकीच जागा. आणि समोर इनासच्या दारात पांढरे कोट घातलेली माणसं उभी. पितळी बटणं, डोक्यावर टोप्या, ट्रम्पेट, मोठा ढोल, आणि सर्वांत पुढे क्लॅरिनेट घेऊन बस्त्याव मास्तर.

मास्तरला मी ओळखत होतो. वसई गावापासून अर्नाळ्यापर्यंत त्याचा बाप आणि नंतर तो वाजवत आले होते. माझा धंदा वाढला तसा त्याचा उतरला, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. रस्त्यात भेटला की मला 'शेठ' म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर अजिबात नसायचा.

त्याने टेम्पो बघितला आणि इनासकडे वळून विचारलं, हे कोनाला न्यायला आलंय.

मेल्विन म्हणाला, "मास्तर, पान्याला हे वाजनार. तुम्ही उद्या चर्चमधून निघताना वाजवा."

"तुझ्या बापाच्या लग्नात पान्याला मी वाजवलाय. तुझ्या आजाच्या लग्नात माझ्या बापानं. ह्यो खोका काय वाजवनार? गल्लीत कोनी मेखा ठोकतोय असं वाटतं."

"तुमच्या वाजवण्यावर आता कोन नाचतो, मास्तर? सगळे हात जोडून उभे राहतात, मयतीला आल्यासारखे."

पोरं हसली. ते हसणं व्हायला नको होतं. मास्तरने मागे वळून ढोलवाल्याला खूण केली आणि बँड सुरू झाला. त्याच क्षणी मेल्विनच्या कोणा मित्राने टेम्पोवर चढून माझ्या डेकचं बटण दाबलं. बँडचा आवाज जणू भिंतीवर आपटून खाली पडला. ट्रम्पेटवाल्यांचे गाल फुगलेले दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. ढोलवाल्याचं डोकं फिरलं. त्याने हातातली काठी फेकली, ती माझ्या खोक्याच्या पडद्यात घुसली आणि तिथून फरफर असा आवाज यायला लागला.

माझा खोका फाटला तर मी माझ्या भावालाही ओळखत नाही. मी त्याची कॉलर धरली. त्याने माझी धरली. बायका घागरी घेऊन मागे सरकल्या. पोरांतला एक शर्टाच्या बाह्या वर करू लागला, बँडमधल्या एकाने ट्रम्पेट उलटा धरला. एक धक्का लागला असता तर बोंबलांच्या काठ्या, बायका, टेम्पो, सगळं एकावर एक पडलं असतं.

तेवढ्यात इनास ओट्यावरून म्हणाला, अगदी शांत आवाजात, की बँड पुढे असेल तरच तो विहिरीवर येईल. नाहीतर आतमध्ये बसतो. मेल्विन म्हणाला, बँड विहिरीवर वाजला तर तोही दोरीला हात लावणार नाही. झालं. पाण्याला दोघं लागतात हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आत लिली अंगभर हळद लावून बसलेली. दिवस मावळायच्या आत ते पाणी घरात आलं नाही तर तिला उद्यासाठी तयार करायचं कसं, हा प्रश्न बायकांच्या तोंडावर दिसत होता.

मी कॉलर सोडली. भांडण माझं नव्हतं, पण अडकला होता माझा टेम्पो आणि फाटला होता माझा खोका. शिवाय मला एक गोष्ट चांगली येते. दोन अडलेल्या माणसांच्या मध्ये बसून सौदा करायचा. मी डेक बंद केला, मास्तर आणि मेल्विनला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, रस्ता वाटून घेऊ.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी नव्हतो करत. घरापासून नाक्यावरच्या क्रुसापर्यंत गल्ली अरुंद, तिथे टेम्पो नीट चालणारही नाही. ती बँडची. क्रुसापासून विहिरीच्या अलीकडच्या माडांपर्यंत रस्ता रुंद, नाचायला जागा. तो खोक्यांचा. परत येताना तसंच. मास्तर म्हणाला, गल्लीत ऐकायला कोन आहे, बोंबील? मग मी त्याला क्रुसासमोर थांबून एक पूर्ण गाणं वाजवायची मुभा दिली. मेल्विनने त्याच्या बदल्यात माडांच्या पुढे आणखी एक वळण मागितलं. मी त्याऐवजी माडांपाशीच एक जास्तीचं गाणं दिलं. दोघंही माझ्याकडे चोर असल्यासारखे बघत होते. सौदा बरोबर चाललाय याची ती खूण असते.

पण विहीर राहिली. आणि खरा मान तिथे होता. घागर वर येते तेव्हा जे वाजतं, ते सगळ्या लग्नाचं वाजणं. तिथे माघार घ्यायला कोणी तयार नव्हतं. मास्तर म्हणाला, तिथं नाय वाजवायचं तर मी कोट घातला कशाला? मेल्विन म्हणाला, मास्तरचा जमाना गेला हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे. मग पुन्हा सुरू झालं, कोणाच्या वेळेला सूर होता आणि कोणाच्या वेळेला जान. इनास आणि त्याचे भाऊ एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला. आजच्या गाण्यांतले शब्द आईसमोर म्हणता येतील का, असं इनासने विचारलं. मेल्विनने उलट विचारलं की तुमच्या वेळच्या गाण्यांना आजोबा काय म्हणायचे ते सांगू का. ते इनासला झोंबलं. सूर्य खाली सरकत होता आणि मी माझा फाटका पडदा बघत होतो.

माझं डोकं पुन्हा तापलं. मी उठलो, जनरेटरची मुख्य वायर उपटली आणि ती गुंडाळून काखेत मारली. म्हटलं, विहिरीवर माझं मशीन वाजणार नाही. हा माझा शब्द. आता बँडचं तुम्ही बघा.

मेल्विन माझ्यावर धावून आला. पैसे कोण देतंय, असं काहीतरी बोलला. मी म्हटलं, देऊ नकोस. आयुष्यात हे वाक्य मी क्वचित बोललोय.

मास्तरला वाटलं तो जिंकला. त्याने क्लॅरिनेट उचललं. मेल्विन भिंतीला टेकून बसला आणि हात बगलेत घालून म्हणाला, घ्या, ओढा पानी.

तेव्हा लिली दारात आली. हळद लागलेली नवरी उंबऱ्याबाहेर येत नाही, ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला उभी राहिली. तोंड, हात, मान, सगळी पिवळी. म्हणाली, "डॅडी, पानी माझ्या अंगावर पडायचंय. काय वाजवायचं ते मला कोनी विचारलं?"

इनास गडबडला. तुला काय पाहिजे, म्हणाला.

"मला पानी पाहिजे. नायतर नळाखाली बसते. उद्या फादरनी विचारलं तर तुम्ही दोघं सांगा."

तिच्या मागून इनासची म्हातारी आत्या कातरीन पुढे आली. वाकलेली, अंगावर आखूड नेसलेलं लाल लुगडं. ती मेल्विनला काहीच बोलली नाही. मास्तरकडे गेली.

"बस्त्याव, तुझ्या बापानं बँड आनला तवा मी घागर उचलत होती. त्याच्या आदी आमच्या आया विहिरीवर गायच्या. तुझ्या बापाचा ढोल वाजला न् आयांची तोंडा बंद झाली. त्याने कोनाला इचारला होता?"

मास्तर म्हणाला, ते जुना झाला, आत्या.

"तुझा पन झाला."

मी त्या वेळी मास्तरचं तोंड बघितलं. माझ्या खोक्यांनी इतक्या वर्षांत त्याला जे केलं नव्हतं ते या बाईने दोन शब्दांत केलं. तो बराच वेळ क्लॅरिनेटच्या चाव्या पुसत राहिला. मग म्हणाला, "विहिरीवर नाय वाजवनार. शेठ, शब्द?"

मी म्हटलं, शब्द.

मिरवणूक निघाली. गल्लीत बँड वाजला, क्रुसासमोर थांबून त्याने पूर्ण गाणं वाजवलं आणि ते त्याने फार चांगलं वाजवलं. मग मी वायर जोडली आणि माझे तीन खोके आणि एक फरफरणारा माडांपर्यंत गेले, पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. माडांपाशी मी मशीन बंद करून वायर पुन्हा काढली. विहिरीकडे सगळे पायी गेलो.

काठावर बायका गोल उभ्या राहिल्या. कातरीन आत्याने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण सूर सरळ. एक कडवं झालं. ते संपलं की बाकीच्या बायकांनी ते उचलायचं असतं, हे तिच्या थांबण्यावरून मला कळलं. कोणी उचललं नाही. कोणाला येतच नव्हतं. तिने पुन्हा तेच कडवं म्हटलं. पुढचं तिलाही आठवेना. तिसऱ्यांदा तेच म्हणायला गेली आणि अर्ध्यावर थांबली.

बाप आणि भावाने दोरीला हात घातला. रहाटाची कुरकुर ऐकू येत होती, बाकी काही नाही.

माझी नजर मास्तरवर गेली. तो घोळक्याच्या कडेला उभा होता. क्लॅरिनेट खाली धरलेलं, तोंडापासून लांब. पण बोटं चाव्यांवर चालत होती. आत्या जिथे थांबली होती त्याच्या पुढेही चालत होती. त्याला ती चाल पूर्ण येत होती. बापाने ढोल आणायच्या आधी आईकडून ऐकली असेल, कुठून कोण जाणे. फुंक मारायचा अवकाश होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं, कारण मला वाटलं तो आता वाजवणारच, आणि मी मध्ये यायला नको. घागर वर आली. त्याने वाजवलं नाही.

परतीचा पहिला टप्पा माझा होता. माडांपाशी मी वायर जोडली आणि मेल्विनला विचारलं, कुठलं लावू? दोरीने त्याचे तळवे लाल झाले होते. तो म्हणाला, "राहू दे, सावंत." तेवढा रस्ता घागरींतल्या पाण्याच्या डुचमळण्यावर गेला.

क्रुसापाशी बँडची हद्द सुरू झाली. मास्तरने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि आत्याचं ते कडवं वाजवलं, मग न थांबता पुढचं. ढोलवाल्याला त्याने हातानेच गप्प केलं. घागर कमरेवर घेऊन चाललेली कातरीन आत्या मध्येच उभी राहिली. चाल ऐकून तिला शब्द आठवले. ती गायली, दुसरं, तिसरं, चौथं. मागच्या बायका शेवटची ओळ धरू लागल्या. विहिरीचं गाणं गल्लीत म्हटलं गेलं, घागर भरून झाल्यावर. लिलीने ते दाराच्या आतून ऐकलं. पाणी वेळेत पोचलं, दोघांनी ओढलेलं होतं, दुसऱ्या दिवशी लग्न नीट लागलं.

मी टेम्पो गल्लीतून मागे मागे काढत होतो तेव्हा मास्तर खिडकीशी आला. म्हणाला, "सौदा चांगला केलास, शेठ. माझा तोंड बांधलास, आत्याचा गाना विहिरीवर मेला." मी म्हटलं, विहिरीवर नाही वाजवणार हे तुम्हीच म्हणालात, मी एकट्याने ठरवलं नव्हतं. त्याने टोपी काढली आणि निघून गेला.

त्यानंतर गावोगाव त्याने हेच सांगितलं, की भोंगेवाल्याने विहिरीवर बँड बंद पाडला. माझं मशीन आधी बंद झालं होतं, माझ्या हाताने, फुकट, हे त्यात कधीच आलं नाही. त्याच्याशी भांडायला मी एकदा पाचूबंदरला गेलोही होतो. तो जाळी विणत बसला होता, बसा म्हणाला नाही. मी उभ्याउभ्या त्याला विचारलं की तुमच्याकडे क्लॅरिनेट होतं, गाणं येत होतं, समोर म्हातारी अडली होती, तर वाजवलं का नाही. तुम्हाला धरायला कोण येणार होतं?

"शब्द दिला होता," म्हणाला.

मी त्याच्या जागी असतो तर मोडला असता.